पशावाले कारभारी

आष्टी, ता. परतूर
१२ डिसेंबर २०२४

चि. संघपाल यास झुंबरमावशीचा आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नको, कोनी मेलं न्हाई. फोन केला असता, पण दोन वर्षं झाले, कानाला फोन लावला की नुसतं सूं सूं होतंय. समोरचा काय बोलला ते मला कळत न्हाई आन मी काय बोलले ते सगळ्या गल्लीला कळतंय. भागवतच्या मोबाईलवर लिहावं तर पोरगं आधी वाचून घेणार. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. चौथी पास हाय मी, तुझ्या आईच्या शेजारी बसून झालेली. तिचं अक्षर माझ्यापरीस चांगलं व्हतं, पर ती कशाला लिहिते आता.

परवाच्या बाजारात तू जीपमधून उतरलास, संगं दोन माणसं. 'वजनमापेवाले आले, वजनमापेवाले आले' म्हणून पळापळ झाली. ज्यानं त्यानं आपली वजनं पोत्याखाली सारली. मी बिलकुल हालले न्हाई. म्हणलं आपल्याला कशाचं भ्या, आपल्या गावचंच पोरगं हाय. आन तू माझ्या तागडीपुढं आलास, वहीत मान घातलीस आन म्हणलास, "बाई, नाव सांगा."

बाई! अरे, माझ्या हरभऱ्याच्या पोत्यावर मुतलेलं पोरगं तू. मला नाव इचारतोस व्हय रे?

पाचबी वजनं उचलून नेली. पाच किलो, दोन, एक, अर्धा, पाव. शिक्का न्हाई म्हणलास. तुझे काका जाऊन चार वर्षं झाले, त्यांच्यामागं शिक्क्याचं माझ्या ध्यानात राह्यलं न्हाई, ही माझी चूक. दंड काय आसल तो भरते. पर पंच म्हणून तू सही कोनाची घेतलीस, तर शेजारच्या कांदेवाल्या रामकिसनची. त्याला तर लग्नात मानाचं बोलावणं आल्यावानी झालं. तवापासून बाजारभर सांगत फिरून राह्यला, "कारभारीची वजनं धरली सरकारनं. उगं धरत्यात का?"

माझा जीव तिथं जळतोय. लोक अजून तुझ्या काकांला 'पशावाले कारभारी' म्हणतेत. मापून झालं की वरून एक पसा. मूठ न्हाई, चांगला भरला पसा. चाळीस वर्षं एक बी गिऱ्हाईक पशाबिगर गेलं न्हाई. त्या माणसाच्या नावाला तो कांदेवाला डाग लावतो आन मी गप बसू काय?

वजनं परत दे, आन त्यांचं नाव साफ हाय असा सरकारचा एक कागद दे. तुझ्या आईला सांग, झुंबर आठवण काढती.

तुझी मावशी,
झुंबरबाई


जालना
२१ डिसेंबर २०२४

ती. झुंबरमावशी यांना सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. हरभऱ्याच्या पोत्याचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, गुडघे जिना उतरू देत नाहीत, बाकी तब्येत बरी आहे.

मी तुम्हाला जीप थांबायच्या आधीच ओळखलं होतं. पण त्या वेळी तोंडातून 'मावशी' गेलं असतं, तर तुमच्यानंतरच्या सोळा दुकानदारांनी मला काका-मामा केलं असतं आणि रामकिसनच्या हातात आणखी एक गोष्ट आली असती. म्हणून वहीत बघून बोललो. तुम्हाला लागलं, याचं मला वाईट वाटतं.

नियम असा आहे. दुकानातलं प्रत्येक वजन दर दोन वर्षांनी आमच्याकडं तपासायला आणावं लागतं. बरोबर असलं की त्याच्या बुडाला जे शिसं असतं, त्यावर त्या वर्षाचा शिक्का मारतात. तुमच्या चार वजनांवर २०१९ चा शिक्का आहे. तेवढा दंड भरला की ती तपासून परत मिळतील. पाच किलोच्या वजनावर मात्र शिक्काच नाही, जुनासुद्धा नाही. काका ते वजनतपासणीच्या शिबिराला आणत नव्हते का?

भागवतला म्हणावं, इलेक्ट्रिक काटा घे. तुमच्या वयात तागडी धरणं बरं नाही.

नाव साफ असल्याचा कागद मागितलात. मावशी, आमचं खातं तसा कागद कुणालाच देत नाही. आम्ही वजन तपासतो, माणूस तपासत नाही.

आपला,
संघपाल


आष्टी
३ जानेवारी २०२५

चि. संघपाल,

दंड भरला. पावती भागवतनं खिशात घालून धुवायला टाकली, ती वाळवून ठेवली हाय.

पाच किलोचं इचारलंस. शिबिर परतूरला राहायचं. तुझे काका चार वजनं पिशवीत घालून सायकलला अडकवायचे. पाचचं घरीच ठेवायचे. म्हणायचे, "लोखंड हाय ते, काय झिजून चाललंय काय? कशाला उगं वाहून मरू." ते दुकानात गादीच्या डाव्या अंगाला राहायचं. त्यांनी त्याच्यावर छन्नीनं 'का' कोरलेलं हाय. म्हणून मला ते आधी पाहिजे, बाकीचे चार नंतर दिले तरी चालतंय.

आता ऐक. तुरी निघाल्यात. काढणी झालेल्या रानात राह्यलेल्या शेंगा वेचून बाया सरव्याची तूर आणून राह्यल्यात, तुझी आई आणायची तशीच. दुर्गाबाई म्हणून हाय एक, वस्तीवरची. चार वर्षांपासून माझ्याकडंच घालती. परवा डोक्यावर पोतडी घेऊन माझ्यापुढून गेली आन रामकिसनकडं उतरवली. त्यानं कांद्याच्या शेजारी तूर घ्यायला बी सुरू केलंय म्हणं. मी हाक मारली तर म्हणली, "तुमच्याकडं वजन न्हाई ना आता, झुंबरबाई." वजन न्हाई म्हणून गेली का इस्वास न्हाई म्हणून, ते तिलाच ठावं. मला घरी आल्यावर भाकर गेली न्हाई.

तू म्हणतोस, माणूस तपासत न्हाई. बरं मंग, वजन तपास. नीट तपास. माझ्या माणसाचं वजन एका गव्हाच्या दाण्यानं जरी कमी भरलं, तर मला खुशाल बाजारातून धरून ने. पर न्हाई भरलं कमी, तर तेवढं तरी लिहून दे. तुझ्या सरकारचा कागद नको, तुझ्या हातचं दे. मला पुरं हाय.

जल्दी लिही. सत्तरीच्या माणसाला वाट पाहायला लावू नये.

झुंबरमावशी


जालना
२७ जानेवारी २०२५

ती. झुंबरमावशी,

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

वजनं तपासली. पाव, अर्धा, एक आणि दोन किलो बरोबर आहेत. त्यांवर शिक्का मारून या आठवड्यात परत पाठवतो.

पाच किलोचं वजन कमी भरलेलं नाही. नव्वद ग्रॅम जास्त भरलं. चूक ती चूकच, म्हणून ते इथंच राहील, परत मिळणार नाही.

तुम्ही मागितलं तेवढं लिहिलं आहे. थंडी आहे, बाजारात बसताना कान बांधत जा.

संघपाल


आष्टी
३ फेब्रुवारी २०२५

चि. संघपाल यास अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझ्या तोंडात साखर पडो! नव्वद ग्रॅम जास्त! मी पत्र पह्यल्यांदा वाचलं आन मटकन खालीच बसले. भागवतला वाटलं चक्कर आली, पाणी घेऊन पळाला. मी म्हणलं पाणी नको, पेढे आण.

पाच किलोला नव्वद ग्रॅम जास्त, आन वरून पसा येगळाच! मला तर पसाच ठाऊक व्हता. हे दुसरं त्या माणसानं बायकोला बी सांगितलं न्हाई. असा माणूस. आन ते मीठ कमी-जास्त म्हणले की मी त्यांच्यावर उगं चिडायचे.

बाजाराच्या दिवशी तुझं पत्र मी कोनाला वाचायला दिलं आसल, वळख बरं. रामकिसनला! म्हणलं, मोठ्यानं वाच, मला कमी ऐकू येतंय. चाळीसेक माणसं जमली. त्यानं 'नव्वद ग्रॅम जास्त भरलं' वाचलं तवा त्याचं तोंड पाहण्यासारखं व्हतं. मी त्याच्या हातात बी पेढा दिला. खाल्ला मेल्यानं.

मंग झेरॉक्सवाल्याकडून तुझ्या पत्राला प्लास्टिक मारून घेतलं. दुकानात तुझ्या काकांच्या फोटोखाली टांगलंय. आल्यागेल्याला दिसतंय. भागवतनं काटा बी आणला इलेक्ट्रिकचा, लाल आकडे येतेत त्याच्यात. त्याच्यावर मी माझा चष्मा मापला, बत्तीस ग्रॅम.

तुझ्या आईला हे सगळं सांग. म्हणावं, कारभारी किती मोठा माणूस व्हता ते आता सरकारला बी कळलं.

झुंबरमावशी


जालना
१० फेब्रुवारी २०२५

ती. झुंबरमावशी,

एक विनंती आहे. ते पत्र भिंतीवरून काढा.

मी ते तुम्हाला घरचं म्हणून लिहिलं होतं. त्यावर खात्याचा शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. कुणी बाहेरचा माणूस येऊन वाचेल आणि उद्या मला विचारणा होईल. त्यात लिहिलेलं खोटं नाही. पण ते टांगण्यासारखंही नाही.

काका ते पाच किलोचं वजन कधी वापरायचे, हे लिहायच्या आधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आता राहू द्या.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. पेढ्यांचं ऐकून ती 'हं' म्हणाली आणि चहा मागितला.

संघपाल


आष्टी
१४ मार्च २०२५

चि. संघपाल,

महिनाभर लिहिलं न्हाई. आधी तुझा राग आल्ता. म्हणलं पोरगं साहेबाला घाबरून राह्यलं, म्हणून पत्र काढ म्हणतंय. मी काढलं न्हाई. आता काढलंय. का काढलं ते सांगते, नीट ऐक.

हरभरा निघाला. दुर्गाबाई सरव्याचा हरभरा घेऊन माझ्याकडं आली. म्हणली, "पशावाल्यांचं सरकारनं खरं केलं, आता तुमच्याकडंच घालते." मला लई बरं वाटलं. नवा काटा पुढ्यातच व्हता, पर हात जुना. मी गादीच्या डाव्या अंगाला हात घातला, पाच किलोचं वजन घ्यायला. तिथं वजन न्हाई. आन माझा हात तिथंच राह्यला.

डाव्या अंगाला हात कवा जातो, संघपाल? घ्यायचं झालं की. बाया तूर, हरभरा घेऊन आल्या की डावीकडून पाचचं वजन. द्यायचं झालं की उजवीकडून, दोन, एक, अर्धा. कोनी पाच किलो ज्वारी मागितली तर तुझे काका दोन, दोन आन एक असं मापायचे. मी नवी नवरी असताना इचारलं व्हतं, पाचचं एकदम का लावत न्हाई? म्हणले, "जड हाय, कंबर भरती." जलमभर मी तेच धरून बसले. घेताना त्यांची कंबर कशी भरत नव्हती, हे मी इचारलंच न्हाई.

देताना जास्त भरलं तर गिऱ्हाइकाचं भलं. मी तसंच समजून पेढे वाटले. पर ते घ्यायचं वजन व्हतं रे. पाच किलो तूर घातली की बाईची नव्वद ग्रॅम आमच्या पोत्यात. दर बारीला.

दुर्गाबाईचा हरभरा मी काट्यावर घेतला, तिला धाडून दिलं आन भागवतला म्हणलं, काट्यावर एक पसा टाक ज्वारीचा. त्याचा हात बापाचाच हाय, तेवढाच रुंद. अठ्ठ्याऐंशी आलं. म्हणलं तो काढून अजून एक टाक. ब्याण्णव. अजून. नव्वद. तो म्हणला, "आई, काय करून राह्यलीस?"

घेताना नव्वद, देताना नव्वद. घेतली ती तूर, दिली ती ज्वारी. आन वरून पशावाले म्हणून नाव. लोकाच्या पोतडीतलं काढून लोकालाच वाटलं, आन आपण धर्मात्मा झाला माझा नवरा. मला त्यांचा असा राग आला की फोटोची माळ काढून टाकली. मंग परत घातली. पन्नास वर्षं संसार केला, माळ कशी काढू. रडले, सांगायला लाज न्हाई.

आन चार वर्षं तर मीच बसले त्या गादीवर. त्याच वजनानं मीच घेतलं. मला ठाऊक नव्हतं म्हणून दुर्गाबाईची तूर परत आली काय?

ज्या तोंडानं पेढे वाटले त्याच तोंडानं सांगायला पाहिजे म्हणून पुढच्या बाजारी उभी राह्यले. चाळीस माणसं जमवली तशीच, आन सगळं सांगितलं. पर कोनी बी खरं मानायला तयार न्हाई! रामकिसन म्हणला, "म्हातारी भ्रमली." दुर्गाबाई म्हणली, "झुंबरबाई, तुमाला कोनी करणी केली काय?" म्हातारे म्हणतेत, कारभारीचा पसा आम्ही हातानं घेतलाय, आमाला नको सांगू. खोटं सांगितलं तर पेढे खाल्ले, खरं सांगितलं तर मलाच येडं ठरवून राह्यले.

तुला सगळं तवाच कळलं व्हतं ना? म्हणूनच 'कवा वापरायचे' इचारत व्हतास. खरं सांग. आन मागं मागितला व्हता तो कागद आता दे. नाव साफ असल्याचा नको. जे हाय ते लिहिलेला दे, खात्याचा, शिक्क्याचा.

झुंबरबाई


जालना
२२ मार्च २०२५

ती. मावशी,

होय, कळलं होतं. वजन तपासलं त्याच दिवशी.

बुडाच्या भोकात गरजेपेक्षा जास्त शिसं ओतून वर घासून सारखं केलेलं होतं. ते आपोआप होत नाही. असं वजन घ्यायच्याच कामाचं असतं, हे आमच्या खात्यातला शिपाईसुद्धा सांगेल. मला राग आला, मावशी. मी सहा-सात वर्षांचा असेन, आईबरोबर तुरीच्या रानात शेंगा वेचायला जायचो. धसकटं पायाला टोचायची, रक्त यायचं. आई म्हणायची, आज पाच किलो झाली की गूळ घेऊ. त्या पाच किलोतलं ते नव्वद ग्रॅम होतं.

तुम्हाला सगळं लिहायला बसलो आणि 'नव्वद ग्रॅम जास्त भरलं' या वाक्यावर थांबलो. तुम्हाला दुःख नको म्हणून थांबलो, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. तुम्हाला लिहिलेलं आईला वाचून दाखवावं लागतं, म्हणून थांबलो. काकांचा पसा हा तिच्या बोलण्यात नेहमी यायचा. तिचा एवढा एक चांगला माणूस कमी करावा, असं मला वाटेना. त्या अर्ध्या पत्रानं तुम्हाला पेढे वाटायला लावले. चूक माझी आहे.

तुमचं या वेळचं पत्र मात्र काही न गाळता वाचलं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तिला आता कळलं होय?"

मी विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "घरून तांब्यानं मापून न्यायचे मी. माझा तांब्या मला ठाऊक होता. परतूरला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एकदा घातली, तिथं जास्त भरली." मग तरी काकांकडंच का जायचीस? म्हणाली, "रोज परतूरला कोण जातं? आणि गावात काटा सगळेच मारायचे. बाकीचे काटा मारून वर ज्वारी देताना म्हणायचे, पदर पसर. वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून. कारभारी पसा हातात द्यायचा, माझ्या तळहातावर."

मी म्हणालो, म्हणून तो चांगला झाला का? आई म्हणाली, "चांगला कशाला? चोरच होता. पण हातात देणारा चोर होता." मग पाय चोळत बसली.

कागद सोबत जोडला आहे. तपासणी अहवालाची नक्कल, सही-शिक्क्यासह. वापर या रकान्यात मी आधी काही लिहिलं नव्हतं. तुम्ही स्वतः लिहून कळवलंत, म्हणून आता 'खरेदीसाठी' असं भरलं आहे, आणि ते कधी भरलं याची तारीखही. उशिरा का भरलं हे साहेबांना लेखी कळवलं आहे. काय व्हायचं ते होईल.

आई आष्टीला यायचं म्हणते. गुडघ्याचं सांगितलं तर म्हणाली, गुडघ्याला नको, मला जायचंय. पुढच्या बाजाराला गाडीत बसवून पाठवतो. मी येणार नाही, माझ्यापुढं कुणी मोकळं बोलणार नाही.

आपला,
संघपाल


आष्टी
८ एप्रिल २०२५

चि. संघपाल यास आशीर्वाद.

तुझी आई येऊन गेली. ती पोचल्याचं तुला कळलं आसलच, बाकीचं ती सांगणार न्हाई, म्हणून मी लिहिते.

तुझा कागद मी प्लास्टिक मारून फोटोखाली लावला व्हता. लोक यायचे, शिक्का पाहायचे, 'सरकारी कागद काय, कसा बी निघतो' म्हणून जायचे. मागच्या कागदावर शिक्का नव्हता तर तो खरा, ह्याच्यावर हाय तर हा खोटा.

तुझी आई बेबीनंदा गाडीतून उतरली, काठी टेकत थेट माझ्या दुकानापुढं. बावीस वर्षांनी भेटलो. गळ्यात पडंल म्हणलं, तर पिशवी पुढं केली. "तूर हाय. माप." जालन्याच्या दुकानातून इकत आणली व्हती बयेनं. बाजार गोळा झाला. मी काट्यावर ठेवली, 'लाभ' म्हणलं. पह्यल्या मापाला एक म्हणायचं न्हाई, लाभच म्हणायचं, सवय हाय. पाच किलो दाखवलं. ती म्हणली, "बराबर. घरून मापून आणली हाय. तुझ्या नवऱ्याकडं कधी बराबर भरली न्हाई." मोठ्यानं म्हणली. रामकिसन कांदे सोडून उभा राह्यला.

मंग म्हणली, "दोन किलो ज्वारी दे." दिली. तिनं हात पुढं केला. "पसा?"

मी पोत्यात हात घातला. वर काढला आन मला काय वाटलं कोण जाणे, तिच्या हातात द्यायच्या आधी काट्यावर ओतला. साठ आले. परत आकड्याकडं पाह्यलं. साठच. माझा हात तो केवढासा. चार वर्षं घेताना नव्वदनं घेतलं आन देताना ह्या हातानं दिलं. तुझ्या काकांला चोर म्हणत बसले, मीच त्यांच्यापरीस जास्त चोर निघाले, आन मला त्याचा पत्ता न्हाई.

बेबीनंदानं आकडा वाचला. चौथी पास हाय ना ती बी. म्हणली, "झुंबर, कारभारीनं घेतलं तेवढं दिलं तरी. तू तर तीसनं खाल्लंस की गं."

कोनी बी हासलं न्हाई. रामकिसन बी न्हाई. मला वाटलं धरणी फाटावी. मंग तीच हासली, दात न्हाईत तरी, आन हात तसाच पुढं धरून म्हणली, "पाहत काय बसलीस? दे की." मी साठ दिले. वरून तीस मापून दिले. तळहातावर. मंग दुसऱ्या हातानं तिनं माझा हात धरला आन लई येळ सोडला न्हाई. आम्ही दोघी म्हाताऱ्या भर बाजारात रडलो, लोक पाहून राह्यले व्हते, पाहू दे.

ते पाच किलोचं वजन मोडीत घाल. त्याच्यावरचं 'का' मला नको.

आन आता ऐक. बेबीनंदा बाजूला सरली तर तिच्या मागं दुर्गाबाई उभी. करणी झाली म्हणणारी दुर्गाबाई. तिनं हात पुढं केला. मी इचारलं, चार वर्षांत किती बारी आली गं माझ्याकडं? मला ठाऊक न्हाई. ती म्हणली, "मला ठाऊक हाय." म्हणलं, सांग मंग, तू म्हणशील तेवढं.

ती बोटं मोजायला लागली. तिच्या मागं अजून सहा बाया उभ्या व्हत्या, सगळ्या वस्तीवरच्या. त्या दिवशी चौघींचं मापून देऊन झालं. बाकीच्यांला आज बोलावलंय, म्हणून पत्र इथंच थांबवते. भागवतला ज्वारीचं दुसरं पोतं उघडायला सांगायचंय.

तुझी मावशी,
झुंबरबाई